उघाडीचं अपील

बायजाबाईंचं अपील त्या दिवशी बोर्डावर सत्तेचाळिसावं होतं आणि कोर्ट एकतिसाव्यावर उठलं. पंधरवड्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. ज्ञानदा फाइलींचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आली, कॉरिडॉरच्या दगडी भिंतीला टेकली आणि फोन वाजायची वाट बघत उभी राहिली. तो वाजलाच.

"झालं का वो, बाई?"

"नाही मावशी. आज आपला नंबरच आला नाही."

 मग बायजाबाई म्हणाल्या, "बरं. जेवलात का तुमी?"

दर वेळी हेच दोन प्रश्न. म्हातारी एकदा तरी चिडली असती, कोर्टाला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर ज्ञानदाला हलकं वाटलं असतं. ती नुसती "बरं" म्हणायची, आणि ते "बरं" ज्ञानदाला विरारला घरी पोचेपर्यंत टोचत राहायचं.

ज्ञानदा परुळेकर चंदनसारला राहायची. वकिली सुरू करून नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली बरीचशी फोर्टमध्ये, क्लेमेंट घोन्साल्विस यांच्या चेंबरमध्ये गेली होती. क्लेमेंट सर पापडीचे. उभ्या हयातीत त्यांनी फक्त अपिलं चालवली. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारणं आपल्याला जमतच नाही, असं ते हसत हसत सांगायचे. "जे काय घडायचं ते खाली घडून गेलेलं असतं," ते म्हणत. "आपण फक्त वाचायचं. पण नीट वाचायचं."

बायजाबाईंचं प्रकरण ज्ञानदानं नीट वाचलं होतं. वसईच्या पूर्वेला, खाडीच्या काठावर बायजाबाईंचं भातशेत होतं. जमीन माहेरची. भाऊ नव्हता म्हणून वडिलांमागे ती त्यांच्याकडे आली, आणि नवरा श्रीपत यांनी मरेपर्यंत ती कसली. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून तिथं जुना मातीचा बांध आहे आणि त्या बांधात उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरती आली की ती पाण्याच्या दाबानं बंद होते, ओहोटी लागली की उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. पण बायजाबाईंचं शेत आणि उघाडी यांच्यामध्ये शेजारच्या मोरेश्वर वझ्यांची जमीन होती. तिच्यातून एक नाला जायचा. मोरेश्वरनं त्या जमिनीत डेब्रिस आणि मुरूम टाकून भराव केला, वर पत्र्याचे गाळे बांधले आणि भाड्यानं दिले. नाला भरावाखाली गेला. तेव्हापासून दर पावसात बायजाबाईंच्या शेतात गुडघाभर पाणी साचून राहायचं आणि रोप मुळापासून कुजायचं.

त्यांनी दावा लावला. वसईच्या कोर्टानं तो फेटाळला: नाल्याची नोंद सातबाऱ्यावर नाही, नोंद नाही म्हणजे हक्क सिद्ध नाही. जिल्हा न्यायालयात पहिलं अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. आता उरलं होतं हायकोर्टातलं दुसरं अपील.

दुसऱ्या अपिलाची गंमत अशी, की तिथं कोण खरं आणि कोण खोटं हे पुन्हा तपासत नाहीत. ते खालच्या दोन कोर्टांनी ठरवलेलं असतं. हायकोर्ट एवढंच बघतं, की यात कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न आहे का. असेल तर अपील दाखल करून घेतात. नसेल तर पहिल्याच सुनावणीत दार बंद.

ज्ञानदाला एक सवय होती, तिची सासू आशालता तिला खोड म्हणायची. संध्याकाळी चहा घेता घेता ती त्या दिवशीचे दुसऱ्या अपिलांतले आदेश उघडून वाचायची. आपले नव्हेत, इतरांचे. कुठल्या न्यायमूर्तींसमोर कुठला मुद्दा चालतो, कुठला चालत नाही, हे तिला असं वाचूनच कळत गेलं होतं. बहुतेक आदेश एकाच साच्याचे असायचे. दोन्ही कोर्टांचा निष्कर्ष एकच आहे, हस्तक्षेप करण्याचं कारण नाही, अपील फेटाळण्यात येत आहे. जी थोडी अपिलं तगायची, त्यांतली पुष्कळशी एका तांत्रिक चुकीवर तगायची. पहिल्या अपिलाच्या कोर्टानं आपण कुठले मुद्दे ठरवतोय ते मांडून, प्रत्येकावर कारणं देऊन निकाल लिहायला हवा. तसं केलं नसेल, तर हायकोर्ट निकाल रद्द करून प्रकरण परत खाली पाठवतं. पुन्हा ऐका, पुन्हा लिहा. याला रिमांड म्हणतात.

बायजाबाईंच्या निकालात नेमकी ती चूक होती. जिल्हा न्यायालयानं पानंच्या पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं उतरवून काढलं होतं आणि शेवटच्या परिच्छेदात 'खालच्या कोर्टाशी मी सहमत आहे' म्हणून मोकळं झालं होतं.

"हे हातातलं आहे," क्लेमेंट सर म्हणाले. फाईल त्यांच्यापुढे उघडी होती. "उभी राहा, तो एकच मुद्दा मांड, रिमांड घे आणि बाहेर ये. दोन मिनिटांचं काम. या कोर्टाचा कल तुला माझ्यापेक्षा चांगला माहिती आहे."

"सर, पण मोरेश्वरची उलटतपासणी..."

"वाचली मी."

उलटतपासणीत मोरेश्वर सरळ म्हणाला होता: बायजाबाईंच्या शेतातलं पाणी माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्या नाल्यातूनच उघाडीकडे जायचं, हे खरं आहे. कायद्यानं अशा हक्काला सातबाऱ्यावर नोंद लागत नाही. वीस वर्षं उघडपणे, कुणी न अडवता पाणी जात असलं की पुरे. आणि इथं तर प्रतिवादीच आजोबांपासूनचं सांगत होता. दोन्ही निकालांत त्या वाक्याचा उल्लेखच नव्हता.

"त्यावर इथंच निकाल मागता येईल," ज्ञानदा म्हणाली. "परत पाठवायची गरजच नाही."

"येईल की. आणि न्यायमूर्ती म्हणतील, तुम्ही मला पुरावा पुन्हा वाचायला सांगताय, दुसऱ्या अपिलात ते चालत नाही, डिसमिस्ड." क्लेमेंट सरांनी फाईल मिटली. "जी गोष्ट नक्की मिळतेय ती घ्यावी, ज्ञानदा. उभी तू राहणार आहेस, तू ठरव. पण क्लायंटला विचारून ठरव."

फोनवर रिमांडची थोडक्यात कल्पना देऊन शनिवारी ती खाडीवर गेली. हितेश, बायजाबाईंचा मुलगा, तिला घ्यायला मोटारसायकल घेऊन नाक्यावर आला होता. चाळिशीचा, टेम्पोचा धंदा करणारा, मितभाषी माणूस. घराच्या अलीकडेच त्यानं गाडी थांबवली.

"मॅडम, आईसमोर बोलता येणार नाही म्हणून इथं सांगतो. ते परत खाली पाठवायचं म्हणतायत ना, ते घ्या."

"का?"

"परत खाली गेलं की चार-पाच वर्षं जातील. आई म्हणेल, चालू आहे केस. तिचं मन राहील. तोवर मी तिला समजावेन." त्यानं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "मोरेश्वरकाका जमीन घ्यायला तयार आहेत. वाईट माणूस नाही तो. मॅडम, बाबा गेले त्या पावसात घरात पाणी होतं. तिरडी मी शेजारच्या ओट्यावर बांधली. मला आता तिथं काही पिकवायचं नाही."

 तो खोटं बोलत नव्हता आणि लबाडीही करत नव्हता. पण तो अपिलात पक्षकार नव्हता. ती म्हणाली, "हितेशदादा, माझी क्लायंट तुमच्या आई आहेत. मी त्यांना दोन्ही बाजू सांगणार. तुमची सुद्धा सांगू का?"

"नको," तो घाईनं म्हणाला आणि गाडी सुरू केली.

बायजाबाई तिला शेतावर घेऊन गेल्या. पावसाला अवकाश होता, तरी खालच्या अर्ध्या शेतात चिखल चिकटून होता आणि त्यावर खाजणातलं, म्हणजे खाऱ्या दलदलीतलं, जाडं गवत माजलं होतं. पलीकडे मोरेश्वरच्या गाळ्यांची निळी पत्र्याची भिंत. एका गाळ्यात कुणी प्लास्टिकच्या बादल्या करायचं, मशीनचा ठोका सारखा ऐकू येत होता.

"तुमी काय ते रिमांड का काय म्हनता, त्याच्यात काय होतं?" बायजाबाईंनी विचारलं.

ज्ञानदानं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या की गवताकडे बघत होत्या, कळत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "विचार करते. तुमचा नंबर लागंल तवा सांगते." आणि मग, परत, "जेवून जा."

त्यानंतरचे दिवस ज्ञानदाचे काही सरळ गेले नाहीत. घरात बसलं की तिला बाहेर जावंसं वाटे, आणि बाहेर पडून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागली की वर जाऊन फाईल उघडावीशी वाटे. एकदा नवरा, जितेश, खाली तिच्यासोबत चालत असताना म्हणाला, "तुला नक्की भीती कशाची वाटतेय? हरण्याची?"

"हरायची सवय आहे मला. पण सर सांगतायत तसं केलं तर मी हरत नाही. मुद्दाम ती वाट सोडून हरले, तर ते माझं हरणं. आणि भोगणार ती म्हातारी."

"मग घे ना रिमांड."

"मग जिंकूनही तिच्या शेतातून थेंबभर पाणी हलत नाही!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की वॉचमननं मान वळवून पाहिलं.

त्या आठवड्यात हे अपील ज्यांच्यापुढे होतं त्या न्यायमूर्तींचे जुने आदेश तिनं पुन्हा काढले. एक बाई होत्या त्या, बोलायला कडक, पण निकाल बारकाईनं लिहिणाऱ्या. फेटाळलेली अपिलं पुष्कळ. परत पाठवलेलीही बरीच. पक्षकाराची स्वतःची कबुली खालच्या कोर्टांनी डावलली म्हणून अपील मान्य केल्याची उदाहरणं शोधता शोधता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. ज्ञानदा ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

बुधवारी नंबर वर आला. हितेश आईला घेऊन आला होता. बायजाबाई नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर अगदी कडेला बसल्या. पुकारा झाला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, आणि हितेशनं त्यांना ओढून खाली बसवलं.

कोर्टातलं सगळं बोलणं इंग्रजीत चाललं. न्यायमूर्तींनी फाईल आधी वाचलेली दिसत होती. ज्ञानदानं तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "काउन्सेल, पहिल्या अपिलात मुद्देच काढलेले नाहीत. हा निकाल टिकू शकत नाही. मी तो रद्द करून फेरसुनावणीसाठी परत पाठवते. प्रतिवादींचं काय म्हणणं?"

मोरेश्वरचे वकील लगेच उठले. "आमची काही हरकत नाही."

इतक्या लगेच, की ज्ञानदा सावध झाली. हरकत कशी असेल? जिल्हा न्यायालयात पुन्हा तारखा पडणार, गाळे तसेच राहणार, भाडं येत राहणार.

"मॅडम?" न्यायमूर्तींनी तिच्याकडे पाहिलं.

"मला पक्षकाराशी बोलायला थोडा वेळ मिळावा, मायलेडी. त्या इथंच आहेत."

न्यायमूर्तींच्या कपाळावर आठी पडली. जे मागायला लोक उभे राहतात ते आपण होऊन देत असताना ही वेळ मागते आहे. "प्रकरण थोडं मागे ठेवते. पुढचं घ्या."

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिघं खिडकीपाशी उभी राहिली. ज्ञानदानं मराठीत सगळं सांगितलं. "परत खाली पाठवायला त्या तयार आहेत. हो म्हटलं तर निकाल रद्द होईल, आपण हरलो नाही असं होईल, पण केस मागे जाईल. नाही म्हटलं, तर इथंच निकाल मागावा लागेल. आणि मावशी, खरं सांगते, नाही म्हटलं तर आजच सगळं संपू शकतं."

"आई, हो म्हण," हितेश म्हणाला.

बायजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "खाली परत गेलं, तर मोरेश्वरला परत बोलावतील?"

"नाही. पुरावा झालेला आहे. तोच कागद पुन्हा वाचतील."

"त्यानं जे सांगितलं तेच?"

"तेच."

"मग वाचायचंच तर आत बसलेल्या जजबाईलाच वाचू दे की."

"आई, हरलीस तर?" हितेशचा आवाज चढला. येणारे-जाणारे वकील बघायला लागले. "सगळं हातचं जाईल. काही कळतंय का तुला?"

"हरले तर तू इक," बायजाबाई म्हणाल्या. "मोरेश्वरला इक, नायतर कोनालाबी इक. मी हूं का चूं करनार नाय. तू त्या दिवशी रस्त्यात गाडी थांबवून या बाईंना काय सांगितलंस ते मला वटीवरनं दिसत हुतं. ऐकू नाय आलं, पन तुझी मान मला कळते." त्यांनी पदर सारखा केला. "आनि जितले, तर परत इकायचं नाव काढायचं नाय. बोल."

हितेशनं मान खिडकीकडे वळवली. तो म्हणाला, "ठीक आहे."

पुन्हा पुकारा झाला. ज्ञानदा उभी राहिली. दाराशी क्लेमेंट सर येऊन थांबलेले तिला दिसले. दुसऱ्या कोर्टातलं काम आटोपून ते आले असावेत.

"मायलेडी, मला रिमांड नको आहे," ती म्हणाली. "नाल्याच्या हक्काला सातबाऱ्याची नोंद आवश्यक आहे का, आणि प्रतिवादीची स्पष्ट कबुली दोन्ही कोर्टांना डावलता येते का, हे दोन प्रश्न ठरवून अपिलाचा इथंच अंतिम निकाल व्हावा."

न्यायमूर्तींनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काउन्सेल, तुम्हाला माहिती आहे ना हे काय करताय?" न्यायमूर्ती म्हणाल्या. "दोन्ही कोर्टं तुमच्या विरुद्ध आहेत. आणि रिमांडचा मुद्दा तुम्ही सोडताय असं मला नोंदवावं लागेल. मग तो पुढे कुठंही घेता येणार नाही."

"कल्पना आहे, मायलेडी. नोंदवावं."

आदेश सांगितला जात असताना तिनं ते वाक्य ऐकलं: सदर मुद्दा वकिलांनी आग्रहानं मांडलेला नाही. लघुलेखक टाइप करत होता आणि ज्ञानदाला वाटलं, आता या वाक्याच्या मागे जाता येणार नाही.

दोन्ही प्रश्न निश्चित झाले, अपील दाखल करून घेतलं गेलं. मोरेश्वरच्या वकिलांनी तयारीसाठी मुदत मागितली. न्यायमूर्तींनी दोन आठवडे दिले आणि तोवर भराव वाढवू नये, जैसे थे ठेवावं, असा आदेश केला. बाहेर आल्यावर क्लेमेंट सर तिच्या शेजारून चालू लागले. जिन्यापाशी ते थांबले. मग म्हणाले, "मी हे केलं नसतं." आणि दोन पायऱ्या उतरून, "पण मांडलंस चांगलं."

अंतिम सुनावणी सकाळच्या सत्रात सुरू झाली आणि जेवणाच्या सुट्टीनंतरही चालली. न्यायमूर्तींनी मोरेश्वरची उलटतपासणी स्वतः मोठ्यानं वाचली, आणि त्याच्या वकिलांना विचारलं, "याचा दुसरा काय अर्थ होतो ते सांगा." वकील बराच वेळ दुसऱ्याच पानांवर बोलत राहिले. पण न्यायमूर्तींनी ज्ञानदालाही सोडलं नाही. "भराव पडत होता तेव्हा तुमच्या पक्षकार काय करत होत्या? पहिला ट्रक आला तेव्हा का नाही आल्या कोर्टात? आता चौदा गाळे उभे आहेत. ते मी पाडायला सांगू?"  त्या वर्षी श्रीपत आजारी होते, एवढंच ज्ञानदा सांगू शकली.

निकाल राखून ठेवला गेला.

त्यानंतर वाट बघणं. एक महिना गेला, दुसरा लागला. ज्ञानदा दुसरी कामं करत होती, उभी राहत होती, बोलत होती, पण दिवसातून कितीदा तरी फोन उघडून बघायची, यादीत नाव लागलंय का. आशालताबाईंनी एकदा तिच्या हातून फोन काढून फ्रिजवर ठेवून दिला. "आधी जेव. निकाल काय पळून जात नाही." पण तिला वाटत राही, न्यायमूर्ती लिहायला घेतील आणि लिहिता लिहिता मन बदलेल. सोपं वाक्य तयारच आहे, दोन्ही कोर्टांचा निष्कर्ष एकच. ते लिहिलं की झालं. त्या काळात बायजाबाईंचा फोन आला नाही. त्याचंही तिला भय वाटू लागलं.

निकाल एका शुक्रवारी लागला. अपील अंशतः मान्य. कोर्टानं म्हटलं होतं की पाणी वाहून नेण्याचा हक्क सिद्ध झाला आहे. प्रतिवादीची कबुली डावलणं ही कायद्याची चूक आहे, सातबाऱ्याची नोंद लागत नाही. मात्र भराव पडत असताना वादी गप्प राहिली, म्हणून गाळे पाडण्याचा आदेश देता येणार नाही. त्याऐवजी मोरेश्वरनं गाळ्यांच्या मागून, हद्दीलगत नवा नाला खोदून तो ठरावीक मुदतीत उघाडीला जोडावा. ज्ञानदानं शेवटचं पान दोनदा वाचलं आणि मग तिथंच कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली. तिला आनंद झाला का, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. आतली धाकधूक थांबायला हवी होती तशी थांबली नाही, इतकंच.

फोनवर बायजाबाईंना समजायला वेळ लागला. "म्हंजे जितलो?"

"जिंकलो मावशी. पण गाळे राहतील. नाला मागून जाईल."

"लांब पडेल पान्याला."

"हो."

"बरं," बायजाबाई म्हणाल्या. आणि मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी हाक मारली, "हितेऽश!"

मोरेश्वरच्या वकिलांनी दिल्लीला जायचं ठरवलं. ज्ञानदानं आधीच कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, टाकून ठेवलं होतं. सुप्रीम कोर्टात पहिल्या तारखेला स्थगिती मिळाली नाही, पुढची तारीख पडली. मुदत संपत आली तसं मोरेश्वरनं जेसीबी लावला.

ज्ञानदा खोदकाम बघायला गेली तेव्हा मे महिना संपत आला होता. हितेश चिखलात उभा राहून जेसीबीवाल्याला हातवारे करत होता, "अजून खाली घे, उतार नाय मिळत!" हद्दीपाशी एक उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस छत्री टेकून उभा होता. तोच मोरेश्वर. ज्ञानदानं त्याला आजवर फक्त कागदावर पाहिलं होतं.

"तुम्हीच का त्या वकीलबाई?" त्यानं विचारलं. आवाजात राग असेल असं तिला वाटलं होतं, पण तो दमलेला होता. "माझा वकील मला अजून शिव्या घालतो. म्हणतो, काका, तुम्ही 'आठवत नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"मग का नाही म्हणालात?"

मोरेश्वरनं छत्रीच्या टोकानं बांधाकडे दाखवलं. "ती उघाडी माझ्या आज्यानं बसवली. बायजाचा आजा फळी धरून उभा होता. मला आठवत नाही कसं म्हणू?" त्यानं छत्री पुन्हा जमिनीत रोवली. "पण दिल्लीला लढणार मी. गाळे माझे आहेत. ते सोडायचं नाही."

जुलैत वरच्या अर्ध्या शेतात लावणी झाली. खालच्या अर्ध्यात पाणी अजून दोन दोन दिवस थांबायचं. नवा नाला एका वळणावर उथळ राहिला होता, आणि मोरेश्वर म्हणे आदेशात खोली लिहिलेली नाही. हितेशनं स्वतः फावडं घेऊन तिथला गाळ उपसायला सुरुवात केली होती. विकायचं नाव त्यानं पुन्हा काढलं नव्हतं, पण आईशी तो फारसं बोलतही नव्हता. बायजाबाईंनी हे ज्ञानदाला फोनवर सांगितलं आणि विचारलं, खोलीसाठी परत कोर्टात जाता येतं का. ज्ञानदा म्हणाली, येतं. कधी जायचं, ते तिनं सांगितलं नाही, कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

त्याच महिन्यात नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीचं दुसरं अपील तिच्याकडे होतं. पहिल्या अपिलात मुद्दे काढलेले नव्हते. न्यायमूर्ती त्याच. ज्ञानदा उभी राहिली, तो एकच मुद्दा मांडला, रिमांड घेतला आणि दोन मिनिटांत बाहेर आली. सोसायटीचे सेक्रेटरी खूश होऊन तिचे आभार मानत होते. ती हसून मान हलवत होती आणि मनात तिचं चाललंच होतं, सोसायटीच्या प्रकरणातल्या साक्षीत सत्तराव्या पानावर कबुलीसारखं एक उत्तर होतं, ते आपण पुरेसं नीट वाचलं होतं का.

क्लेमेंट सरांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय झालं?"

"परत पाठवलं, सर."

"बरं झालं."

 चेंबरमध्ये जाऊन तिनं सोसायटीची फाईल उघडली आणि सत्तरावं पान शोधायला लागली.